घराची सही आणि चौकाची सही

जुन्या नाशकातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४. सासरचा वाडा सामायिक, तीन भावांच्या नावावर. थोरले दीर पुण्याला असतात, धाकटे गंगापूर रोडला. वाड्यात राहतात त्या, त्यांचे यजमान, मुलगा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. तळमजल्यावर दोन भाडेकरू आहेत, एक भांड्यांचं दुकान आणि एक वयस्कर जोडपं. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते, ती 'दरवर्षी ट्रंकेत जाते'. आता एका बिल्डरने त्यांचा आणि शेजारचे दोन वाडे एकत्र करून सात मजली इमारतीचा प्रस्ताव आणला आहे. त्याच सुमारास समोरच्या चौकाचं सुशोभीकरण व्हायचं आहे : फरशी, दिवे, बाकडी. गाड्यांना आत वळता यावं म्हणून पिंपळाचा पार 'जरासा मागे घ्यावा लागेल', असं बिल्डर म्हणतो. गल्लीची बैठक झाली. पाराचं काय आणि भाडेकरूंचं काय, असं ताईंनी विचारलं, तर 'वहिनी, विकासाच्या आड येऊ नका' असं भर बैठकीत ऐकावं लागलं. दोन्ही दिरांच्या सह्या झाल्या आहेत, यजमानांची बाकी आहे आणि ते म्हणतात, 'तू सांगशील तसं.' मुलाला लिफ्ट हवी आहे. सासूबाई म्हणतात, 'मला इथूनच न्या.' ताईंचा प्रश्न असा : 'हळवेपणापायी मी घरच्यांचं नुकसान करते आहे का? सही होऊ द्यावी का?'

ताई,

वाडा नव्याने बांधायला हवा, असं तुमचं पत्र वाचून माझं मत झालं. आणि बिल्डरने पुढे केलेल्या कागदावर आज सही होऊ नये, असंही झालं. ही दोन मतं एकाच माणसाची असू शकतात, पण तुमच्या बैठकीत त्यांना जागाच ठेवली गेली नाही. एक तर तुम्ही विकासाच्या बाजूच्या, नाही तर आडव्या येणाऱ्या. दुःख याचं वाटलं, की तुम्हीही ती वाटणी मान्य केलीत आणि स्वतःलाच विचारायला लागलात, मी हळवी आहे का. तुम्ही बैठकीत विचारलेले दोन्ही प्रश्न हिशेबाचे होते. पार कोणाच्या मालकीचा आणि भाडेकरूंना जागा कोण देणार, यात हळवेपणा कुठे आला? तीन वाड्यांच्या व्यवहारात हे प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी तरी विचारायला हवे होते.

संमतीपत्राचा मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात, हे फार बरं केलंत. त्यात खालून तिसरी ओळ अशी आहे : 'तसेच सदर चौकातील पार व मोकळ्या जागेच्या फेररचनेस आमची कोणतीही हरकत नाही.' वाड्याच्या पुनर्विकासाच्या संमतीत चौकाची ना-हरकत कशासाठी? वाडा तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चौक सार्वजनिक रस्त्याचा भाग, महापालिकेच्या ताब्यातला. तो तुमच्या यजमानांना देता येत नाही, आणि तिन्ही वाड्यांचे सगळे मालक एकत्र आले तरी त्यांना देता येत नाही. मग ही ओळ घातली कशाला, तर उद्या महापालिकेत 'स्थानिकांचा विरोध नाही' असं दाखवायला. तेव्हा घराची सही वेगळी आणि चौकाचा विषय वेगळा, एवढं आधी करून घ्या. ती ओळ काढून कागद पुन्हा टाइप करून आणा, असं सांगायला कोणताही वकील लागत नाही. बिल्डरला वाड्यात खरोखर रस असेल तर तो काढेल. नाही काढली, तर त्याचा हिशेब चौकावर उभा आहे हे कळेल, आणि तेही सही करण्याआधी कळलेलं बरं.

आता आधी घराचं बोलू.

जुन्या नाशकातल्या वाड्यांवर माझा जीव आहे, पण जीव असल्याने तुळया टिकत नाहीत. वाडा वरून धडधाकट दिसतो. दुखणं असतं ते तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे. पन्हळ फुटलेली असते, पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत राहतं, बाहेरचा गिलावा शाबूत असतो आणि आत सागवानाचं टोक भुसभुशीत झालेलं असतं. मग एखाद्या जुलैत चार दिवस झड लागते, मातीची भिंत फुगते आणि ज्या टोकावर सगळा माळा उभा होता ते टोक जागा सोडतं. मुलाला बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर पाठवा. भिंतीला पोट आलंय का, जमीन एका अंगाला कललीय का, पावसाळ्यात एखादा दरवाजा अचानक घासायला लागलाय का, हे त्याला बघू द्या. यातलं एक जरी 'हो' असलं तरी सासूबाईंची खाट त्या खोलीतून आजच हलवा. करार-बिरार नंतर.

आणि ट्रंकेतली नोटीस बाहेर काढा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालच्या नोटिशीत दुरुस्ती करा, टेकू द्या, रिकामं करा किंवा उतरवून घ्या, यांपैकी काहीही सांगितलेलं असू शकतं. तुमच्या नोटिशीत नेमकं काय लिहिलं आहे, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही आणि मला शंका आहे की घरातही कोणी नीट वाचलेलं नाही. त्याच अधिनियमात ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती आहे. ते करून घ्या, पण बिल्डरने आणलेल्या माणसाकडून नको. महापालिकेच्या यादीवरचा इंजिनिअर तुम्ही निवडा, फी तुम्ही तिघा भावांनी भरा. बिल्डरच्या पैशाने झालेल्या तपासणीवर बिल्डरचाच विश्वास असतो.

दुरुस्ती करून राहता येईल का, हा विचार तुमच्या मनात आहे, ओळींच्या मधून तो दिसला. येईल, काही वर्षं. पण ज्या वाड्यात तीन हिस्सेदारांपैकी दोघं राहतच नाहीत, त्याच्या दुरुस्तीला पैसे कोण काढणार? शेवटी सगळा भार तुमच्यावर पडेल आणि मालकी तिघांची राहील. तुमचा एकटा वाडा बांधायचा म्हटलं तरी लहान जागेत सोडायच्या मोकळ्या जागा नि जिना यांतच बरंचसं क्षेत्र जातं, लिफ्टला जागा उरत नाही. तीन वाडे एकत्र येणं ही या प्रस्तावातली चांगली बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. मुलगा लिफ्ट मागतो त्यातही गैर काही नाही. ८२ वर्षांच्या आजीला रोज त्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना बघणारा तोच आहे.

सासूबाईंचं 'मला इथूनच न्या' हे वाक्य मात्र घरात सगळ्यांनी वाड्यावरच्या मायेच्या खाती टाकलेलं दिसतं. त्यांना एकदा निवांत विचारा, नेमकी भीती कशाची आहे. वाडा पडण्याची आहे, की बाहेर गेल्यावर परत न येण्याची? पुनर्विकासात तीन वर्षं म्हणतात, ती लांबतात, हे त्यांनी या गल्लीत पाहिलं असणार. त्यांच्या वयाला तीन वर्षं म्हणजे फार मोठा काळ. ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय करता येतो. तात्पुरतं घर दूरच्या एखाद्या नव्या वस्तीत न घेता याच गल्ल्यांमध्ये घ्यायचं, तळमजल्याचं, जिथून त्यांचं नेहमीचं देऊळ आणि नेहमीचे डॉक्टर पायी गाठता येतील. बिल्डर जे भाडं देणार ते या भागातल्या अशा घराला पुरेल इतकं आहे का, हे आजच चौकशी करून बघा. नव्या इमारतीत तुमच्या वाट्याचं घर पहिल्या मजल्यावर मागा. लिफ्ट बंद पडली तरी त्यांना खाली येता यायला हवं. वरच्या मजल्याला भाव जास्त येतो, म्हणून दीर कदाचित वेगळं सुचवतील. तिथे तुमच्या यजमानांनी तोंड उघडायला हवं.

मालकीबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला नणंदा आहेत का? 'तीन भावांच्या नावावर' असं तुम्ही लिहिलं आहे, पण वाडा वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही हिस्सा येतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र झालं असेल तर त्याची नोंदलेली प्रत हाताशी ठेवा. नसेल झालं, तर नणंदांना आत्ताच बोलवा. अर्ध्यावर आलेलं बांधकाम एका वारसाच्या दाव्याने थांबतं तेव्हा भाड्याच्या घरात अडकून पडतात ती राहणारी माणसं, म्हणजे तुम्ही. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंचा स्वतःचा हिस्साही असणार. त्यांची सही कोणी मागितली का? बैठकीत त्यांचं नाव फक्त हट्टी म्हातारी म्हणून निघालं असेल, तर ते दुरुस्त करा. त्या मालकांपैकी एक असू शकतात.

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सह्या आणि व्यवहार करायचा अधिकार, संमतीच्या टप्प्यावर देऊ नका. मोबदल्याच्या करारात गुंतलेलं कुलमुखत्यारपत्र मागे घेणं सोपं नसतं. आधी नोंदणीकृत विकसन करारनामा, त्यात सगळं लिहिलेलं, आणि अधिकार फक्त त्या कामापुरते.

भाडेकरूंबद्दल तुम्ही लिहिलंत, 'त्यांची दया येते.' ताई, दया बाजूला ठेवा, त्यांचा हक्क आहे. पाडून नवं बांधायचं म्हणून भाडेकरूची जागा घेतली, तर नव्या इमारतीतल्या जागेवरचा त्यांचा हक्क १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मानतो. जुन्या नाशकातले कित्येक वाडे मालक आणि भाडेकरूंच्या वादात अडकून तसेच खचत राहिले. वाडा आपोआप पडला की प्रश्न आपोआप सुटेल, असा हिशेब काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी मांडला गेला, आणि तो जिवावर बेतणारा आहे. त्यामुळे वाडा उतरवण्याआधी दुकानाचं आणि त्या जोडप्याच्या खोल्यांचं मोजमाप सगळ्यांसमोर करून घ्या, फोटो काढा, कागदावर मालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्या घ्या. विकसन करारात त्यांची जागा नावानिशी दाखवा. हे त्यांच्या भल्याचं आहे तितकंच तुमच्याही, कारण त्यांच्या दाव्याने काम अडलं तर तुमचंच घर अडेल. भांड्यांच्या दुकानाला तळमजल्यावरच जागा हवी. दुसऱ्या मजल्यावर कोणी पातेलं घ्यायला येत नाही.

करारातल्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही, ते वकिलाचं काम आहे. तीनच गोष्टी सांगते. तुम्हाला मिळणारं क्षेत्र कार्पेटमध्ये लिहून घ्या, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येतं तेवढंच. बिल्ट-अपचे आकडे बैठकीत टाळ्या मिळवतात आणि ताबा मिळाल्यावर खोली लहान निघते. दुसरं, बँक गॅरंटी. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी शासनाने जे निर्देश काढले आहेत त्यांत बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यावी असं आहे. तुमचा वाडा सोसायटी नाही, म्हणून ते आपोआप लागू होत नाही. तुम्हीच मागायला हवी. तिसरं महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं. 'रेरा आहे ना, मग काय काळजी,' असं तुमचे धाकटे दीर म्हणाले. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्तीच नाही. गावठाणातले भूखंड लहान असतात, तेव्हा तिन्ही वाडे मिळून किती भरतात ते बघा. आणि नोंदणी झाली तरी ती प्रामुख्याने विकायच्या सदनिकांच्या ग्राहकांसाठी. जुन्या मालकांना राखण करायला त्यांचा करारच असतो.

सात मजले कोणत्या नियमाने, हेही विचारा. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियमावलीत किती एफएसआय (जागेच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम) मिळणार हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि अरुंद गल्लीत जादा एफएसआय नि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरायला मर्यादा आहेत. सात मजल्यांच्या चित्रावर सह्या झाल्या आणि मंजुरी पाचची आली, तर सगळ्यांची वाटणी नव्याने करावी लागेल. तेव्हा कोणाचं क्षेत्र कमी होणार, हे आत्ताच लिहा. मंजूर नकाशापेक्षा वेगळं काही बांधू देऊ नका, बिल्डर 'सगळेच करतात' म्हणाला तरीही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. कपाटांच्या प्रश्नात शहरातल्या किती इमारती अडकल्या होत्या! नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत घेतली गेली, महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले रोखले आणि पैसे भरून बसलेली साधी कुटुंबं लटकली. शेवटचा हप्ता आणि घराचा ताबा हे दोन्ही भोगवटा दाखल्याशी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याशी, बांधून टाका.

आता चौक. तुमच्या पत्रात या विषयाला चारच ओळी होत्या, आणि त्याही जरा माफी मागितल्यासारख्या. माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा विषय तोच आहे.

तिवंधा चौकात किंवा जुन्या तांबट लेनमध्ये एरवी कोणी परका येऊन उभा राहिला, तर पायाखाली काय आहे हे त्याला कळणार नाही. रंगपंचमी जवळ आली की तिथली माती उकरतात, खाली अंथरलेली लाकडं एकेक करून बाहेर काढतात आणि पेशवेकाळापासूनची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, उघडी होते. धुऊनपुसून तिच्यात पाणी भरतात, पळसाच्या फुलांचा उकळलेला रंग ओततात, पूजा होते आणि मग काठावरून आत उड्या, धप्प्यांवर धप्पे. सण झाला की पुन्हा लाकडं, पुन्हा माती, आणि वरून रिक्षा जायला लागतात. ही माहिती गल्लीला असते. कचेरीतल्या नकाशावर तिथे नुसता डांबरी रस्ता असतो. कोणी तरी जाऊन सांगावं लागतं, की इथे खोदताना जपा. तुमचा पारही नकाशावर एक लहानसं वर्तुळ असणार, आणि गाडी वळवणाऱ्याला ते वर्तुळ मध्येच आलेलं वाटणार. तिथे सकाळी कोण बसतं, दुपारी शाळेतून आलेली मुलं कुठे थांबतात, वडाच्या-पिंपळाच्या पूजेला बाया कुठून येतात, गणपतीचा मांडव कुठे पडतो, हे तुम्ही सांगितलं नाही तर कोण सांगणार?

पिंपळ किती जुना आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो होता, असं आहे. म्हणजे पन्नाशी तर नक्कीच ओलांडली. झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या राज्य कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. पार 'मागे घेणं' म्हणजे मुळं तोडणं. ते बिल्डरच्या आणि गल्लीच्या मर्जीने होत नाही, वृक्ष प्राधिकरणाचा विषय आहे. झाडाचा फोटो, घेर आणि सासूबाईंचं म्हणणं एका अर्जात घालून महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या, पोच घ्या. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थातल्या साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर कसे उभे राहिले, ते तुम्ही पाहिलंच आहे. तुम्हाला एका झाडासाठी एक अर्ज करायचा आहे, त्याला घाबरू नका.

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं खरं आहे आणि ते मी दडवणार नाही. चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये सात मजले उभे राहिले तर अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका आत यायलाच हवी. त्यासाठी चौकात काही हलवावं लागणार असेल तर ऐकून घ्या. पण ते अग्निशमन विभागाने नकाशावर लिहून द्यावं. बंबाला लागणारी जागा वेगळी आणि इमारतीतल्या चारचाकींना वळायला लागणारी जागा वेगळी, आणि बैठकीत या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते. शिवाय बंबाची वाट सहसा पाराने अडत नाही, उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांनी अडते.

सुशोभीकरणाच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे. फरशीचा रंग नि बाकड्यांचा आकार यांवर वाद घालू नका. दोनच गोष्टी धरून बसा. पहिली, पातळी. जुन्या खड्ड्यांवर थरावर थर चढत रस्ता उंच होतो आणि उंबरे खाली जातात. मग पहिल्या पावसाचं पाणी ओटी ओलांडून घरात. उलट रस्ता खोल खोदला तर मातीच्या पायाचे जुने वाडे उघडे पडतात. चौकाची तयार पातळी प्रत्येक दाराच्या उंबऱ्याच्या किती खाली राहणार, हे ठेकेदाराकडून खडूने भिंतीवर मारून घ्या. काम किती दिवसांचं आणि कोणत्या टप्प्यांनी, हेही लेखी घ्या. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड जेमतेम १.१ किलोमीटरचा, तो किती रेंगाळला आणि दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी काय सोसलं, हे आपल्याला ठाऊक आहे. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, घाई वाढत जाणार आणि घाईत गटाराचे उतार चुकतात.

दुसरी गोष्ट तुमच्या इमारतीचा तळमजला. सगळ्यात जास्त विचार याचा करा, कारण हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. चौक जिवंत असतो तो त्याच्यावर उघडणाऱ्या दारांमुळे. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, उघडं दुकान, खिडकीत उभी असलेली बाई, एवढ्यावर मुलं रात्री नऊपर्यंत तिथे खेळू शकतात. तीन वाड्यांच्या जागी खाली सलग पार्किंग आणि पुढे लोखंडी गेट आलं, तर महापालिकेने कितीही सुंदर बाकडी टाकली तरी तिथे कोणी बसणार नाही. कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांतून संध्याकाळी एक चक्कर मारा, बंगल्यांच्या जागी इमारती आल्यावर रस्त्याच्या कडेचं काय झालं ते दिसेल. म्हणून करारात लिहून घ्या, की चौकाच्या बाजूला दुकानं आणि एक लांब ओटा राहील, गाड्यांचा प्रवेश बाजूच्या बोळातून जमतो का ते आर्किटेक्टने आधी तपासावं, आणि पुढे सोडायच्या जागेत कंपाउंडची भिंत घालू नये. सासूबाईंना बसायला जागा मिळेल आणि भांड्यांच्या दुकानालाही. बिल्डरला दुकानाच्या गाळ्याला चांगला भाव येतो, त्यामुळे तो याला नाही म्हणेलच असं नाही. विचारून बघा.

पुढच्या बैठकीत बोलायचं कसं? मागच्या वेळी तुम्ही उभं राहून प्रश्न विचारलात आणि सगळ्यांनी तो विरोध समजला. यंदा आधी सांगून टाका : 'आम्हाला वाडा बांधायचा आहे, आमची तयारी आहे.' मग दोन कागद वाटा, एक घराच्या अटींचा आणि एक चौकाचा. शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायकांशी बैठकीआधी बोला. पार कोणाला हवा आहे, हे त्यांना पुरुषांपेक्षा नीट माहीत असतं, आणि बैठकीत त्या मागे बसतात म्हणून गप्प असतात. चौकाच्या कामाचा नकाशा आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपयांचा अर्ज आहे. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हते, आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा आहेत. प्रभागातल्या सगळ्यांना चौकात बोलवा, पाराजवळ उभं करून नकाशा दाखवा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. इंदिरानगर, कॉलेज रोड, नाशिकरोडकडच्या जुन्या सोसायट्यांना ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बघावा लागेल. त्यात विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती आणि सभेचं चित्रीकरण सांगितलं आहे. तोंडी होकारावर कोणाला बिल्डर निवडू देऊ नका. आणि दहीपूल, सराफ बाजार, गोदाकाठ या बाजूला राहणाऱ्यांनी आधी पूररेषेचा नकाशा बघावा. तिथे गोदावरी वर चढते आणि सरस्वती नाल्याचं पाणी मागे फिरतं. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही साली दुतोंड्या मारुतीच्या आसपास काय झालं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं आहेत, लाल रेषेपर्यंत अटी आहेत. परवानगी मिळाली तरी वीज मीटर, पंप आणि जनरेटर तळमजल्यावर ठेवू देऊ नका.

ताई, यजमानांचं 'तू सांगशील तसं' हे प्रेमाने म्हटलेलं असेल, पण त्याने ओझं तुमच्यावर आणि सही त्यांच्या नावावर अशी विभागणी झाली आहे. उद्या नणंदांनी किंवा दिरांनी बोल लावले तर ते तुमच्या वाट्याला येतील. तेव्हा पहिलं काम दोघांनी मिळून करा. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून तिन्ही वाड्यांच्या मिळकत पत्रिका काढा, ट्रंकेतली नोटीस सोबत घ्या आणि दिवाणी कामं करणारा, बिल्डरशी संबंध नसलेला वकील गाठा. संमतीपत्रातली ती ओळ त्याला सगळ्यात आधी दाखवा. दिरांना फोन यजमानांनी स्वतः करावा आणि सांगावं, की आपण बांधणार आहोत, फक्त कागद नवा येऊ द्या.